हिशेबनिसाची हूल

बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात; तेव्हा दिवाळीत पत्त्यांचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. मी स्वतः झब्बूच्या पुढे गेलेलो नाही. पण लास वेगासमधला 2003 सालचा एक डाव मला राहून राहून आठवतो.

तिथल्या बिनियन यांच्या हॉर्सशू जुगारगृहात 1970 पासून पोकरची जागतिक स्पर्धा भरत असे. त्या साली टेनेसीचा एक हिशेबनीस तिथे येऊन बसला. आडनाव मनीमेकर! (कादंबरीत असते तर आपण हसलो असतो.) प्रवेशशुल्क 10,000 डॉलर, याने संगणकावरच्या 86 डॉलरच्या डावातून जागा मिळवली होती. समोरासमोर बसून खेळायची ही त्याची पहिलीच स्पर्धा.

839 जणांतून शेवटी दोघे उरले: हा, आणि मुरलेला सॅम फरहा. पोकरमध्ये हातातली दोन पाने झाकलेली, मधली पाच उघडी. एका डावात फरहाची नव्व्यांची जोडी जमली. मनीमेकरजवळ राजा आणि सत्ती, म्हणजे काहीच नाही. तरी गड्याने सगळ्या चकत्या पुढे सारल्या! फरहा विचारात पडला, आणि जिंकणारी पाने त्याने टाकून दिली.

पुढे हिशेबनिसाने 25 लाख डॉलर नेले. 2004 साली 2,576 खेळाडू आले, 2006 साली 8,773. प्रत्येकाला तो आपल्यासारखाच वाटला. हरलेले 838 कुणाला आठवले नाहीत. मला मात्र फरहाच आठवतो. त्याने पाने उघडायला लावली असती, तर हिशेबनिसापुढे थोड्याच चकत्या उरत्या. मग ही गर्दी जमली असती का?