नाक्यावरचा पैसा

जळगावच्या माणसाला गावाबद्दल विचारलं की तो तीन गोष्टी हमखास सांगतो. केळी, सोनं आणि महापालिकेची सतरा मजली इमारत. तिसरी गोष्ट सांगताना आवाजात थोडा अभिमान असतो आणि थोडा वैताग. कारण पाहुण्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "एवढी मोठी इमारत आहे, मग रस्ते असे का?" यावर आपण हसतो आणि शेवभाजीचा विषय काढतो.

मध्यंतरी पुण्याच्या आतेभावाने हाच प्रश्न विचारला. "भ्रष्टाचार, दुसरं काय!" हे उत्तर सोपं आहे, आणि ते अगदीच खोटं आहे असंही नाही. पण त्याने प्रश्न सुटत नाही. गावाकडे पैसा येतो कुठून, तो कोण देतं आणि देणाऱ्याला आपण देतोय हे कळतं का, हे पाहायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं. आतेभावाला फोनवर एवढं सांगणं शक्य नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

सुरुवात धुळ्यापासून करू. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळं हे मुख्य ठाणं ठरवलं आणि १८१९ मध्ये तिथे नवी पेठ आखली. व्यापाऱ्यांनी येऊन राहावं म्हणून त्यांना जागा आणि सवलती दिल्या. सरकारने आधी व्यापारी आणून बसवले आणि मग गाव वाढलं, हा क्रम लक्षात ठेवा.

पुढे १८५० मध्ये एक कायदा आला. गावातल्या लोकांची तयारी असेल तर तिथे नगरपालिका काढता येईल, असं त्यात होतं. महत्त्वाचं म्हणजे या कायद्याने नगरपालिकांना अप्रत्यक्ष कर लावायची मुभा दिली. मुंबई इलाख्यातल्या गावांना हे फार सोयीचं वाटलं. घरावर कर बसवायचा तर प्रत्येक घराची किंमत ठरवा, मालकाशी भांडा, वसुलीला माणूस पाठवा. त्यापेक्षा गावाच्या वेशीवर नाकं बसवलं की काम झालं. आत येणाऱ्या गाडीतलं धान्य, तूप, गूळ, लाकूड, कापड मोजायचं आणि पैसे घ्यायचे. हीच आपली जकात.

धुळ्याची नगरपालिका १८६२ ची आणि जळगावची १८६४ ची. साल पाहिलंत? अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळत नव्हता आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्याच सुमारास रेल्वेही या भागात पोचली. जळगावचं नशीब या दोन गोष्टींनी उघडलं. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खानदेशचं मुख्य ठिकाण होण्याइतकं ते मोठं झालं होतं. म्हणजे ही गावं व्यापारावर जगणारी, आणि त्यांच्या नगरपालिकाही तशाच. बाजारात माल आला की नगरपालिकेच्या पेटीत पैसा आला.

जकातीचा एक मोठा गुण होता. पैसा रोजच्या रोज हातात पडायचा. त्यासाठी मुंबईकडे बघावं लागत नसे. बाजार वाढला, भाव वाढले की उत्पन्न आपोआप वाढे. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला आणि हळूहळू निवडून आलेली माणसं कारभारात आली. त्यांच्या हाती खर्च करायला स्वतःचा पैसा होता तो याच नाक्यांमुळे.

तिचे दोषही उघड होते. नाक्यावर मालट्रकांच्या रांगा लागायच्या. धुळ्यासारख्या गावात, जिथे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात, तिथे या रांगा म्हणजे काय ते जुन्या ड्रायव्हरला विचारा. नाक्यावर चिरीमिरी चालायची हे सांगायला कुठल्या आयोगाची गरज नव्हती. आणि तेलाच्या डब्यावर जेवढी जकात श्रीमंताला, तेवढीच गरिबाला.

पण माझ्या मते जकातीचा सर्वांत मोठा दोष वेगळाच होता. ती दिसत नव्हती. नाक्यावर पैसे व्यापारी भरायचा, ते मालाच्या किमतीत मिसळायचा आणि आपण दुकानातून साखर घेताना ते देऊन मोकळे व्हायचो. आपण नगरपालिकेला रोज पैसे देतोय हे गावाला कधी कळलंच नाही. म्हणून त्या पैशाचं पुढे काय झालं हे विचारायची सवयही लागली नाही. अहिराणीत म्हणतात ना, "आपलं काय जास?" तसंच.

दिसणारा कर एकच होता, घरपट्टी. तिचा हिशेब आपल्याकडे परंपरेने असा होतो: घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल ते ठरवायचं, दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर कर लावायचा. १९६५ च्या नगरपालिका कायद्याने ही आकारणी दर चार वर्षांनी नव्याने करायला सांगितलं आहे. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात फेरआकारणी म्हणजे मोर्चा, हरकती आणि पुढच्या निवडणुकीत पराभव. नाक्यावरून पैसा येतोच आहे, तर हा विस्तव पदरात कशाला घ्या, असा विचार कुठल्याही पक्षाचा नगरसेवक करणारच. त्यामुळे जकात चांगली चालली तिथे घरपट्टीकडे दुर्लक्ष होण्याचीच शक्यता जास्त.

आता गोष्ट १९८९ पर्यंत येते. जळगावला मोठं व्हायचं होतं, आणि ती इच्छा वाईट नव्हती. व्यापारी संकुलं, पाणी, रस्ते, झोपडपट्टीतल्या लोकांसाठी पक्की घरं, असं बरंच काही डोक्यात होतं. १९८९ ते २००१ या काळात नगरपालिकेने हुडको या केंद्र सरकारच्या संस्थेकडून निरनिराळ्या योजनांसाठी सुमारे १४१ कोटी रुपयांचं कर्ज घेतलं. यातली सर्वांत गाजलेली योजना घरकुलांची, ११,४२४ घरांची.

आणि नेमक्या याच काळात, १९९९ मध्ये, राज्य सरकारने नगरपालिकांची जकात रद्द केली. बदल्यात सहायक अनुदान देऊ म्हणून सांगितलं. व्यापाऱ्यांनी पेढे वाटले असतील, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण नगरपालिकेच्या बाजूने बघा. कर्जाचे हप्ते तर पुढची कित्येक वर्षं भरायचे होते, आणि स्वतःच्या हाताने वाढवता येण्याजोगं मुख्य उत्पन्न मध्येच काढून घेतलं गेलं. घरातल्या कर्त्या माणसाने गृहकर्ज काढावं आणि हप्ते चालू असताना त्याची नोकरी जाऊन दरमहा चुलत्याकडून मनिऑर्डर सुरू व्हावी, तसं झालं. चुलता चांगला असेलही, पण रक्कम तो ठरवणार.

२००३ मध्ये जळगाव आणि धुळे दोन्ही गावं महापालिका झाली. मार्चमध्ये जळगाव, जूनमध्ये धुळे. पाट्या बदलल्या. कर्ज मात्र तेच राहिलं. २००६ मध्ये खुद्द महापालिकेच्या आयुक्तांनी घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराची फिर्याद दिली. खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जण दोषी ठरले. त्यांत माजी मंत्री होते, नगरसेवकही होते. त्यावर पुढे अपिलं झाली, तो कोर्टाचा विषय आहे. मला त्यातली एकच गोष्ट इथे मांडायची आहे. एवढे ठराव सभागृहात मंजूर होत होते त्या वर्षांत गावाने फारसे प्रश्न विचारले नाहीत. का विचारले नाहीत? कारण तो पैसा आपल्या खिशातून जातोय असं कोणाला वाटतच नव्हतं. कर्ज म्हणजे दिल्लीहून आलेला पैसा!

तो कोणाचा होता ते २०१४ मध्ये कळलं. कर्जवसुली न्यायाधिकरणाचा हुकूमनामा आला, तो व्याजासकट ३४१ कोटींचा. महापालिकेची बँक खाती गोठवली गेली. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४ लाख ६० हजार होती. भागाकार करून बघा. माणशी सुमारे ७,४०० रुपये, पाच जणांच्या घरामागे ३७ हजार. ज्यांचा त्या कर्जाशी काही संबंध नव्हता, जे तेव्हा पाळण्यात होते किंवा जन्मलेही नव्हते, त्यांच्याही नावावर. शेवटी २०१९ मध्ये राज्य सरकार मध्ये पडलं आणि सुमारे २५३ कोटींत तडजोड झाली. निम्मा वाटा सरकारने उचलला आणि निम्मा महापालिकेने हप्त्यांनी फेडायचं ठरलं.

महापालिकेच्या मालकीचे गाळे हा उत्पन्नाचा आणखी एक झरा. फुले मार्केट, गांधी मार्केट वगैरे संकुलांत दोन हजारांहून अधिक गाळे. बहुतेकांच्या कराराची मुदत २०१२ मध्ये संपली. नवं भाडं किती, थकबाकी किती, लिलाव करायचा की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद आणि कोर्टकचेऱ्या चालल्या. गाळेधारकांची बाजूही समजण्यासारखी आहे, कारण त्यांनी आयुष्य त्या दुकानात घातलं. पण बाजारात दुकान असून भाडं हाती पडत नसेल, तर मालक कंगालच राहणार.

इकडे जकातीचं उरलंसुरलं प्रकरणही संपत आलं. महापालिकांमध्ये ती काही काळ चालू होती. २०१० मध्ये तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आणायला सुरुवात झाली आणि ज्या शहरांत तो आधी आला त्यांत जळगाव होतं. नाकं गेलं आणि व्यापाऱ्याने स्वतःच हिशेब करून कर भरायचा, अशी ती पद्धत. व्यापाऱ्यांचा राज्यभर विरोध झाला. ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना सूट मिळाली आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तोही कर इतिहासजमा झाला. आता त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना भरपाई देतं. २०१६-१७ चं उत्पन्न पायाभूत धरायचं आणि दरवर्षी ८ टक्के वाढवायचं, असं कायद्यात आहे.

भरपाई ठरल्या सूत्राने येते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण गावाच्या बाजारात कितीही उलाढाल वाढली तरी त्याचा महापालिकेच्या या उत्पन्नाशी आता थेट संबंध नाही. ज्या दोन गावांचा जन्मच बाजारातून झाला, त्यांच्या तिजोरीचा बाजाराशी असलेला धागा १५० वर्षांनी तुटला. हे फक्त आपल्याकडेच झालंय असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या महापालिकांचं एकूण उत्पन्न देशाच्या सकल उत्पन्नाच्या जेमतेम १ टक्का असल्याचं म्हटलं आहे. ब्राझीलमध्ये हे प्रमाण ७ टक्क्यांच्या वर आहे.

आता ही सगळी रांग एकदा पाहा. आधी जकात, मग कर्ज, मग अनुदान, मग भरपाई. चारही वेळा पैसा आला, आणि चारही वेळा तो 'दुसऱ्याचा' वाटला. जकात व्यापाऱ्याची, कर्ज हुडकोचं, अनुदान मुंबईचं. खरं तर चारही वेळा तो आपलाच होता.

दरवर्षी अंदाजपत्रकाच्या दिवसांत एक बातमी ठरलेली असते: 'कोणतीही करवाढ नसलेले अंदाजपत्रक'. आपण ती वाचून खूश होतो. हल्ली ती वाचली की मला पुढचा प्रश्न पडतो. मग पैसा कुठून येणार आहे? उत्पन्नाच्या बाजूला जे आकडे लिहिलेत, त्यांतले गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती जमा झाले? या एका प्रश्नाचं उत्तर प्रत्येक वॉर्डात छापून लावलं, तरी सभागृहातल्या निम्म्या भाषणांची गरज उरणार नाही.

घरपट्टी वाढवा असं म्हणणारा माणूस लोकप्रिय होत नाही, हे मला ठाऊक आहे. या लेखानंतर काही काका लोकांचे फोन येतील याचीही तयारी आहे. ज्याला परवडत नाही त्याला सूट द्या, लहान घरांना कमी लावा, हे सगळं मान्य. पण आपल्या नावाने येणारं ते एकच बिल आहे, ज्याच्यामुळे आपण पालिकेच्या दारात मालक म्हणून उभे राहू शकतो. ते भरायचं आणि त्याच हाताने हिशेब मागायचा. नाहीतर पुढचं कर्ज कोणीतरी आपल्या नातवंडांच्या नावावर काढेल, आणि आपण तेव्हाही म्हणू, आपलं काय जास?

धुळेकर मंडळींनी तिकडची हकीकत जरूर सांगावी. आणि ज्यांच्या घरात नगरपालिकेच्या जुन्या पावत्या जपून ठेवल्या असतील, त्यांनी त्यावर काय काय कर लिहिलेत ते कळवावं. आजोबांच्या काळात या गावाला आपण नेमकं काय आणि कशासाठी देत होतो, हे त्या पिवळ्या कागदांवरून बरंच कळेल.