पावांतील चिंधी

ऑक्टोबरच्या ३१ तारखेस, हॅलोवीनच्या सणाला, आयर्लंडांत बार्मब्रॅक नांवाचा मनुका घातलेला पाव कापतात. पूर्वींच्या गृहिणी त्यांत अंगठी, नाणें, काडी नि चिंधी दडवीत. अंगठी लाभली तर लग्न, नाण्यानें संपत्ति, काडीनें संसारांत कलह, आणि चिंधीनें दारिद्र्य! १८४५ पासून बटाट्याच्या रोगानें ज्या देशांत दुष्काळ माजला, तेथें ही चिंधी कांहीं निव्वळ थट्टा नव्हे. पुढें पाव दुकानांतून येऊं लागला नि आंत बहुधा अंगठीच तेवढी राहिली. गिऱ्हाइकाला दारिद्र्य कोण विकणार? गिनेसची काळी बिअर प्रकृतीस हितकर, असें १९२९ पासूनच्या जाहिराती बिनदिक्कत सांगत. असलीं जुनीं चित्रें पाहून हळहळणाऱ्यांस आम्ही हंसत नाहीं. मात्र त्यांत आजीचा पाव शोधूं गेल्यास चिंधी सांपडावयाची नाहीं.