'नारुतो'वर हॉलिवूडपट येतोय, मग चाहते टेन्शनमध्ये का?

आवडत्या गोष्टीवर सिनेमा येणार म्हटलं की माणूस खूश होतो. मांगा आणि ॲनिमेच्या चाहत्यांचं मात्र उलटं आहे. 'लाइव्ह-ॲक्शन' हा शब्द दिसला की त्यांच्या पोटात गोळा येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'नारुतो'च्या हॉलिवूडपटाला नवा दिग्दर्शक मिळाल्याची बातमी आली, तेव्हाही हेच झालं. एकीकडे आनंद, दुसरीकडे 'कृपा करून वाट लावू नका' अशी विनवणी आणि तिसरीकडे सरळ 'नकोच' असा सूर.

तुमच्या टाइमलाइनवरही हा वाद कधी ना कधी आला असेल. ही भीती येते कुठून, तिच्यात तथ्य किती आणि ती कुठे गेल्यावर चुकीची ठरते, हे समजून घेऊ.

आधी दोन शब्द स्पष्ट करू. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन. तीच गोष्ट खरे कलाकार घेऊन चित्रित केली की तिला लाइव्ह-ॲक्शन म्हणतात.

सिनेमाचं नेमकं काय चाललंय?

या सिनेमाची चर्चा आजची नाही. लायन्सगेट या अमेरिकन कंपनीच्या 'नारुतो' प्रकल्पाची बातमी पहिल्यांदा २०१५ मध्ये आली. तेव्हा दिग्दर्शक म्हणून मायकल ग्रेसी यांचं नाव होतं. डिसेंबर २०१६ मध्ये जपानमधल्या 'जंप फेस्टा'त मूळ लेखक-चित्रकार मासाशी किशिमोतो यांनी आपण या कामात सहभागी असल्याचं जाहीर केलं. पण तो सिनेमा काही उभा राहिला नाही.

२०२३ च्या शेवटी पटकथेसाठी ताशा हुओ यांचं नाव पुढे आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दिग्दर्शनाची आणि सहलेखनाची जबाबदारी डेस्टिन डॅनियल क्रेटन यांच्याकडे आली. मार्व्हलचा २०२१ मधला 'शांग-ची' हा सिनेमा त्यांचाच. त्या घोषणेत कलाकारांची नावं नव्हती, प्रदर्शनाची तारीखही नव्हती. म्हणजे ट्रेलर तर दूरच, एक फोटोही समोर नसताना चाहते दोन गटांत विभागले गेले.

'नारुतो' लोकांना एवढा जवळचा का?

'नारुतो' १९९९ मध्ये 'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकात सुरू झाला आणि २०१४ मध्ये संपला. १५ वर्षं, ७०० प्रकरणं, ७२ खंड. जगभरात २५ कोटींहून जास्त प्रती. २००२ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमेचे २२० भाग आणि त्यानंतरच्या 'शिप्पूदेन'चे ५०० भाग आहेत. भारतात सोनी याय वाहिनीवर तो हिंदीत आल्यावर नवी पिढी त्यात सामील झाली. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये नारिंगी जॅकेट आणि कपाळावर पट्टी बांधलेली मुलं हमखास दिसतात.

पण आकड्यांपेक्षा महत्त्वाची आहे ती गोष्ट. कोनोहा नावाच्या निन्जांच्या गावावर नऊ शेपट्यांच्या राक्षसी कोल्ह्याने हल्ला केला. त्याला रोखण्यासाठी गावप्रमुखाने, म्हणजे होकागेने, प्राण देऊन त्याला एका तान्ह्या बाळात कोंडलं. ते बाळ म्हणजे नारुतो. ज्या पोराच्या शरीरामुळे गाव वाचलं, त्याच पोराला गाव वाळीत टाकतं. आईबाप नाहीत, मित्र नाहीत, सगळे तोंड फिरवतात. मग हा मुलगा खोड्या काढतो, आरडाओरडा करतो आणि 'एक दिवस मीच होकागे होणार' असं सांगत सुटतो.

शाळेत एकटं पडलेल्या, घरी दुर्लक्षित राहिलेल्या कित्येक मुलांना या नारुतोने सोबत केली आहे. त्यामुळे चाहत्यांसाठी हा वाद कुठल्यातरी सुपरहिरोच्या ड्रेसचा नाही. आपल्या बालपणाची एक जागा दुसऱ्याच्या हातात जातेय, अशी ती भावना आहे.

भीती कशाची? आधी झालंय तरी काय?

चाहत्यांची आठवण पक्की आहे. पहिलं उदाहरण कायम एकच येतं: २००९ चा 'ड्रॅगनबॉल इव्होल्यूशन'. मूळ मांगातला गोकू डोंगरात वाढलेला, शेपटीवाला, भोळा आणि खादाड मुलगा. सिनेमात तो अमेरिकन हायस्कूलमधला विद्यार्थी झाला. निर्माते अकिरा तोरियामा यांनी पुढे सांगितलं की पटकथेत आपल्याला त्रुटी दिसल्या होत्या, आपण सूचनाही केल्या, पण त्या ऐकल्या गेल्या नाहीत. सिनेमाचे पटकथाकार बेन रॅम्झी यांनी तर २०१६ मध्ये चाहत्यांची जाहीर माफी मागितली.

२०१७ मध्ये दोन धक्के बसले. नेटफ्लिक्सच्या 'डेथ नोट'ने कथा जपानमधून उचलून अमेरिकेतल्या सिएटलमध्ये नेली आणि लाइट यागामीचा लाइट टर्नर झाला. 'घोस्ट इन द शेल'मध्ये मोतोको कुसानागीच्या भूमिकेत स्कार्लेट जोहान्सन आली आणि आशियाई भूमिका गोऱ्या कलाकारांना देण्यावरून जोरदार वाद पेटला.

मग जपानमध्येच बनवलं तर प्रश्न सुटतो का? तसंही नाही. २०१५ चे 'अटॅक ऑन टायटन'चे दोन्ही सिनेमे जपानीच होते, तरी चाहते नाराज झाले. याउलट २०१२ पासून आलेली 'रुरोनी केन्शिन' ही जपानी चित्रपटमालिका आजही चांगल्या रूपांतराचं उदाहरण म्हणून सांगितली जाते. तिथे तलवारबाजी खरी वाटली आणि केन्शिनच्या मनातला अपराधभावही शाबूत राहिला.

या सगळ्यांतून चाहत्यांनी एक धडा घेतला. सिनेमा कुठे बनतो यापेक्षा बनवणाऱ्याला मूळ गोष्ट कळली आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

'नारुतो'च्या बाबतीत आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप लांबीचा. ७०० प्रकरणं दोन-अडीच तासांत कशी बसवणार? त्यामुळे बरेच चाहते म्हणतात की सगळं कोंबू नका, फक्त सुरुवात दाखवा. झाबुझा आणि हाकूची कथा पहिल्या चार खंडांत पूर्ण होते. तिच्यात मैत्री, मृत्यू आणि 'निन्जा म्हणजे फक्त हत्यार का?' हा प्रश्न, असं सगळं आहे. एका सिनेमाला तेवढं पुरेसं आहे.

दुसरा आक्षेप दिसण्याचा. पिवळे उभे केस, गालावर मिशांसारख्या रेघा, भडक नारिंगी कपडे. कागदावर हे गोड दिसतं, पण खऱ्या माणसावर फॅन्सी ड्रेस वाटण्याची शक्यता मोठी. हात मागे टाकून, पुढे झुकून पळण्याची नारुतोची पद्धत तर मीमच झाली आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत 'एरिया ५१'बाहेर लोक जमले, तेव्हा बातमी देणाऱ्या पत्रकाराच्या मागून एक जण तसाच पळत गेला आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. आता सिनेमात हीरो गंभीर प्रसंगी तसा धावला तर थिएटरमध्ये हशा पिकेल, ही शंका अगदीच चुकीची नाही.

तिसरा आक्षेप कलाकारांबद्दलचा. एक बाजू म्हणते, कोनोहा काल्पनिक आहे, नारुतोचे डोळे निळे आहेत, मग कोणीही चालेल. दुसरी बाजू म्हणते, नावं जपानी, देवता आणि दंतकथा जपानी, एवढंच काय, 'नारुतो' हे रामेनमध्ये घालतात त्या माशाच्या वडीचंही नाव आहे. मग कलाकार जपानी किंवा निदान आशियाई का नकोत? क्रेटन यांची आई जपानी-अमेरिकन आहे आणि 'शांग-ची'त त्यांनी प्रामुख्याने आशियाई कलाकार घेतले होते. त्यामुळे या मुद्द्यावर बऱ्याच जणांना थोडा दिलासा मिळाला.

मग आशा कशाच्या जोरावर?

सर्वात मोठं कारण 'वन पीस'. २०१७ मध्ये त्याच्या लाइव्ह-ॲक्शनची घोषणा झाली तेव्हा हीच भीती होती. रबरासारखा ताणला जाणारा नायक खऱ्या माणसात कसा दाखवणार, म्हणून टिंगलही झाली. पण निर्माते एइचिरो ओदा प्रत्येक टप्प्यावर सोबत राहिले. आपलं समाधान झाल्याशिवाय मालिका प्रदर्शित होणार नाही, हे त्यांनी चाहत्यांना पत्र लिहून सांगितलं. ३१ ऑगस्ट २०२३ ला ८ भागांची मालिका आली आणि दोन आठवड्यांत दुसऱ्या पर्वाची घोषणाही झाली.

कलाकारांच्या निवडीचा वादही तिथे बऱ्यापैकी टळला. ही पात्रं खऱ्या जगात कोणत्या देशाची असती, या वाचकांच्या प्रश्नाला ओदांनी फार आधीच उत्तर दिलं होतं: लुफी ब्राझीलचा, झोरो जपानचा, नामी स्वीडनची, उसॉप आफ्रिकेतला आणि सांजी फ्रान्सचा. मालिकेत लुफीची भूमिका इनाकी गोडॉय या मेक्सिकन मुलाने केली, पण निवड ओदांच्या पसंतीची आहे हे कळल्यावर विरोध मावळला.

'नारुतो'लाही किशिमोतोंचा पाठिंबा आहे. क्रेटन टोकियोला जाऊन त्यांना भेटले. किशिमोतोंनी म्हटलं की क्रेटन यांची खरी ताकद माणसांच्या नात्यांच्या गोष्टी सांगण्यात आहे, म्हणून 'नारुतो'साठी तेच योग्य वाटतात. क्रेटन यांचा 'शॉर्ट टर्म १२' (२०१३) पाहिला असेल तर याचा अर्थ कळेल. घरापासून तुटलेल्या किशोरवयीन मुलांच्या निवारागृहाची ती गोष्ट आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. 'नारुतो' खऱ्या माणसांनी आधीच साकारला आहे. जपानमध्ये २०१५ पासून 'लाइव्ह स्पेक्टॅकल नारुतो' हे नाटक रंगमंचावर आलं. तेच केस, तेच नारिंगी कपडे. प्रेक्षकांनी ते स्वीकारलं, कारण समोर जिवंत माणूस खराखुरा चिडत होता, रडत होता.

टीका आणि छळ यांतली रेघ

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. गोष्ट सुरू होते तेव्हा नारुतो १२ वर्षांचा आहे. सिनेमा मूळ कथेशी प्रामाणिक राहिला तर ही भूमिका एखाद्या लहान मुलाकडे जाईल. त्याचं नाव जाहीर झाल्याच्या पहिल्या तासात त्याच्या चेहऱ्यावर, वंशावर, उंचीवर काय काय लिहिलं जाईल, याची कल्पना करा.

असं घडून गेलंय. २०२२ मध्ये 'पर्सी जॅक्सन' मालिकेत ॲनाबेथच्या भूमिकेसाठी लिया जेफ्रीज या कृष्णवर्णीय मुलीची निवड झाली. तेव्हा ती १२ वर्षांची होती. पुस्तकातली ॲनाबेथ सोनेरी केसांची, म्हणून एका मुलीवर वर्णद्वेषी शेऱ्यांचा मारा झाला. शेवटी लेखक रिक रायर्डन यांना तिच्या बाजूने जाहीरपणे लिहावं लागलं.

पटकथा फसली, तर बोलाच. इफेक्ट्स स्वस्त वाटले, तर हसा. आशियाई भूमिका दुसऱ्यालाच दिली, तर निर्मात्यांना जाब विचारा. हा प्रेक्षकाचा हक्क आहे आणि त्या दबावामुळेच स्टुडिओ आता मूळ लेखकांना सोबत घेऊ लागले आहेत. पण निवड करतो तो स्टुडिओ आणि शिव्या खातो तो कलाकार, हा न्याय नाही.

'नारुतो'ची पहिली मोठी गोष्ट आठवा. सगळं गाव ज्याला टाळतं त्या मुलासाठी इरुका सर पुढे येतात, त्याच्यावर फेकलेलं शस्त्र स्वतःच्या पाठीवर झेलतात आणि मग आपली पट्टी त्याच्या कपाळावर बांधतात. ७०० प्रकरणं ज्या एका प्रसंगावर उभी आहेत, तो हा. सिनेमाला हा प्रसंग जमला तर केसांचा रंग थोडा इकडेतिकडे झालेला चालेल.

आणि सिनेमा येण्याआधी परीक्षा चाहत्यांचीही आहे. उद्या कुठल्यातरी अनोळखी मुलाचा फोटो 'हा आपला नारुतो' म्हणून समोर येईल, तेव्हा आपण गावकऱ्यांसारखं वागायचं की इरुका सरांसारखं, हे कमेंट टाकण्याआधी ठरवावं लागेल.