रंगवलेलं डायल आणि खरं घड्याळ

वऱ्हाडाचा आणि स्विस घड्याळांचा काय संबंध, असं पुण्यातले मित्र मला विचारतात. संबंध आहे, आणि तो कापसाचा आहे!

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना, आणि इकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. १८६७ पर्यंत मुंबईहून अकोला, बडनेरामार्गे नागपूरपर्यंत रेल्वेही आली. याच काळात, म्हणजे १८६५ मध्ये, फेवर-लुबा ही १७३७ पासूनची स्विस कंपनी मुंबईत आली. १८८६ मध्ये मुंबईतच वेस्ट एंड वॉच कंपनी सुरू झाली. तिच्या एका प्रसिद्ध घड्याळाचं नाव 'सोवार प्रायमा', सोवार म्हणजे आपला घोडेस्वार. रेल्वे आली की मिनिटांना किंमत येते. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली आणि सूर्य बघून कामं करणाऱ्या गावांनाही घड्याळाची वेळ पाळावी लागली.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई आली आणि आयातीवर बंधनं बसली. स्विस घड्याळ म्हणजे एकतर श्रीमंताचं, नाहीतर 'स्मगलिंगचा माल'. मग १९६१ मध्ये एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगलोरला घड्याळाचा कारखाना सुरू केला. एचएमटी जनता.. सतरा ज्युवेलचं, रोज चावी द्यायचं, साधं आणि दणकट. मास्तर, तलाठी, एसटीचे कंडक्टर, जिनिंगमधले कारकून अशा पगारदार माणसाच्या हातात घड्याळ आलं ते असं. लग्नात सायकल, रेडिओ आणि जावयाला घड्याळ हा तर ठरलेला मेनू होता.

आता मुद्द्यावर येतो. नवीन माणूस जुनी घड्याळं जमवायला लागला की त्याचा पहिला प्रश्न असतो, "हे ओरिजिनल आहे का?" आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही. कारण ही घड्याळं वापरायची होती, कपाटात ठेवायची नव्हती. स्विस घड्याळांचे पार्ट मिळणं कठीण, म्हणून दुरुस्त करणारा एका बंद घड्याळाचे काटे दुसऱ्याला लावायचा, तिसऱ्याची केस वापरायचा. पावसाळ्यात डायलवर डाग पडले की गिऱ्हाईकच म्हणायचं, "लग्नाला जायचं आहे, नवीन करून द्या", आणि डायल पुन्हा रंगवलं जायचं. यात फसवणूक काहीच नव्हती. आपल्या पिढीच्या भाषेत सांगायचं तर असेम्बल्ड पीसी. चालतोय ना? मग झालं!

फसवणूक नंतर आली. टायटनची क्वार्ट्झ घड्याळं १९८७ मध्ये बाजारात आली आणि चावीची घड्याळं ड्रॉवरमध्ये गेली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि लोकांना एकदम आठवणी दाटून आल्या. मागणी वाढली. मग जुन्या मशीनवर लाल, हिरवी, निळी चकचकीत डायलं चढवून 'रेअर, अनयूज्ड' म्हणून विक्री सुरू झाली. जगभरचे हौशी लोक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. नाव मुंबईचं, पण असा माल विकत कुठेही मिळतो. अमरावतीच्या एका घडीवाल्या काकांनी असंच एक घड्याळ भिंगाखाली धरलं आणि लगेच म्हणाले, "काहून रे बाप्पा, हे डायल तं आत्ताच रंगवेल हाये!"

त्यांनी काय पाहिलं ते सांगतो. एक, छपाई. कारखान्याची अक्षरं बारीक आणि धारदार असतात, हाताने पुन्हा छापलेली जाड आणि किंचित पसरलेली. दोन, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळतात का? तीन, मिनिटकाटा रेघांपर्यंत पोचतो का? आखूड असेल तर तो दुसऱ्या घड्याळाचा. चार, वय. केसवर चाळीस वर्षांचे ओरखडे आणि डायल मात्र कालचं, हे कसं जमेल? पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागचं झाकण उघडून मशीनवर काय लिहिलंय ते वाचा. वर फेवर-लुबा आणि आत भलत्याच कंपनीचं मशीन असेल तर पुढे बोलणंच नको. विकणारा झाकण उघडायला तयार नसेल तर तेही उत्तरच आहे.

किमतीचं गणित त्यानंतर. एचएमटी जनता लाखांनी बनलं, त्यामुळे ते 'दुर्मीळ' नाही. दुर्मीळ आहे ते हात न लागलेलं जनता. डाग पडलेलं, पिवळसर झालेलं पण मूळचं डायल हे नव्या रंगाच्या डायलपेक्षा जास्त मोलाचं, हे नवीन माणसाच्या पचनी पडायला वेळ लागतो. सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करायचा. आणि जोडलेलं घड्याळ घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त त्याला जोडलेल्याचाच भाव द्यायचा.

माझ्या एका अकोल्याच्या मित्राकडे त्याच्या आजोबांचं घड्याळ आहे. काटे बदललेले, काच नवी, मागच्या झाकणावर निवृत्तीची तारीख कोरलेली. एका खरेदीदाराने त्याला सांगितलं की झाकण पॉलिश करून तारीख घालव, भाव वाढेल. बाजाराच्या हिशोबाने ते चूक नव्हतंच. कोरलेल्या नावांना पुष्कळदा भाव कमीच मिळतो. पण त्या घड्याळात बदलला न गेलेला, त्या माणसाचा म्हणावा असा पुरावा तेवढाच आहे. मित्राने पॉलिश केलं नाही, आणि विकलंही नाही.

तेव्हा घरातलं जुनं घड्याळ सापडलं तर दुरुस्तीला जरूर द्या. फक्त देताना एवढंच सांगा, "काका, तेलपाणी करा, पण डायलला आणि झाकणाला हात लावू नका." रंग कधीही देता येतो, पुसलेलं मात्र परत लिहिता येत नाही.