चुकीची कॉफी

डच लोकांच्या एका पेयाचें नांव मोठें मौजेचें आहे. त्यास ते 'कोफी फरकेर्ट' म्हणतात. म्हणजे 'चुकीची कॉफी'. त्यांच्या रीतीप्रमाणें पेल्यांत कॉफी भरपूर असावी व दूध नांवापुरतें. या पेयांत दूध निम्मे किंवा त्याहून अधिक. प्रमाण फिरलें, म्हणून पेय चुकलें! या न्यायानें आमच्या मराठी घरांतील सारी कॉफी चुकीचीच ठरावयाची. दूध उकळत ठेवावें, त्यांत साखर व कॉफीची पूड टाकावी, वर जायफळ किसावें, ही आमची जुनी रीत.

माणसारख्या तालुक्यांत या प्रमाणाला वेगळाच अर्थ येतो. पाऊस सह्याद्रीवर रिकामा होऊन मग इकडे येतो. माणगंगेचें पात्र वर्षाचे कित्येक महिने कोरडें. येथील खिल्लार जनावर औताला व गाडीला अजोड, पण गाय दुधाला हात आखडता घेणारी. 1972 च्या दुष्काळांत माणसें खडी फोडून सुकडीवर दिवस काढीत होतीं, तेथें दूध पेलाभर मिळणें ही केवढी गोष्ट! अशा मुलखांत पाहुण्यापुढें निव्वळ दुधाची कॉफी ठेवणें म्हणजे घरांतल्या कोणाच्या तरी वाटणीचें दूध त्याला देणें होय. ॲम्स्टरडॅममध्यें जी चूक, ती येथें आदरातिथ्याची परिसीमा.

आतां त्या पेल्यांतील जिनसांकडे पाहूं. डचांची कंपनी 1602 मध्यें स्थापन झाली, व 1637 मध्यें तिनें आपल्या वेंगुर्ल्यास वखार घातली. गोव्याची कोंडी करणाऱ्या तिच्या गलबतांस तेथून रसद मिळे. त्या वखारीचे भग्न अवशेष अद्याप उभे आहेत. परंतु या कंपनीचें खरें लक्ष पूर्वेकडील बेटांवर होतें. जायफळ त्या काळीं मोलुक्कांतील बांदा बेटांवरच पिके. 1621 मध्यें यान पीटरझून कून यानें तीं बेटें जिंकलीं, आणि तेथील बहुतेक रहिवासी मारले, उपाशी मेले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. पुढें मळे पिकवावयास गुलाम आणावे लागले. आम्ही चिमूटभर किसतों त्या फळाची ही पूर्वपीठिका आहे, आणि ती फारच थोड्यांस ठाऊक असते.

कॉफीची कथा तितकी रक्ताळलेली नाहीं, पण निर्मळहि नाहीं. 1696 मध्यें डचांनीं मलबारांतून कॉफीचीं रोपें जावा बेटांत नेलीं. तीं पुरांत गेलीं, तेव्हां 1699 मध्यें पुन्हां नेलीं. जें रोप आपल्याच किनाऱ्यावरून गेलें, त्याचें पीक 1711 पासून ॲम्स्टरडॅमच्या लिलावांत येऊं लागलें. जावांतील शेतकऱ्यानें कॉफी लावावी व ठरलेल्या अल्प दरानें सरकारांत भरावी, असा बंदोबस्त 1830 नंतर सर्वत्र दृढ झाला; भाताचीं शेतें व घरचीं कामें मागें पडलीं. 1860 मध्यें एडुआर्ड डाउवेस डेकर या माजी अंमलदारानें 'मुल्तातुली' या नांवानें 'मॅक्स हॅव्हेलार' ही कादंबरी लिहून हा जुलूम हॉलंडच्या घराघरांत नेला. कॉफीच्या सुखवस्तु दलालाच्या तोंडून तिचा आरंभ करण्याचें त्याचें धाडस आम्हांस विशेष आवडतें.

जायफळाचा मक्ता मात्र कादंबरीनें मोडला नाहीं. नेपोलियनच्या काळीं इंग्रजांनीं मोलुक्का बेटें ताब्यांत घेतलीं, तेव्हां रोपें बाहेर पडलीं. पेनांग, सिंहल व पुढें आपला दक्षिण किनारा येथें तीं रुजलीं. आज कोंकणांतील नारळी-पोफळींच्या सावलींतहि जायफळाचीं झाडें उभीं आहेत. दहिवडीच्या किंवा म्हसवडच्या बाजारांत तें फळ मागावें, तर वाणी पुडींत बांधून देतो, आणि कोठलें म्हणून कोणी विचारीत नाहीं.