वाट पाहण्याचे व्याज

निष्ठा हा मराठीतला फार वजनदार शब्द आहे. गुरुनिष्ठा, स्वामिनिष्ठा, पक्षनिष्ठा अशी मोठी मोठी मंडळी या घराण्यात होऊन गेली. त्यांतल्या शेवटच्या बाईंनी अलीकडे वरचेवर घर बदलायला सुरुवात केली आहे. पण तो राजकारणाचा विषय झाला आणि बँकेतल्या माणसाने त्यात पडू नये. मला सांगायचे आहे ते या घराण्यातल्या एका गरीब धाकट्या बहिणीबद्दल. तिचे नाव प्रवासनिष्ठा.

श्रीमंतांनी अलीकडे तिला दत्तक घेतले आहे. एकाच कंपनीच्या विमानाने पुन्हा पुन्हा गेलात की ती कंपनी तुमच्या नावावर मैल जमा करते. मैल साठले की एखादी फेरी फुकट. आणखी साठले की विमानतळावर गादीच्या खुर्चीत बसून उपमा. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने अशी योजना काढली आणि बघता बघता बाकीच्यांनीही तिचा कित्ता गिरवला. तसे पाहिले तर आम्ही बँकवाले रिकरिंग ठेवीत जे करतो तेच हे. फरक एवढाच, की आमच्या ठेवीला विमा असतो. त्यांच्याकडे नुसते विमान.

माझा धाकटा मेव्हणा महिन्यातून चार वेळा उडतो. जुन्याच कंपनीला धरून मैल साठवावेत, की नवी आलेली कंपनी एकदा करून पाहावी, हा त्याचा कायमचा पेच. "दाजी, तुम्ही कॉमर्सवाले. तुम्हीच सांगा," असे तो दर दिवाळीला विचारतो. आता आमच्या जिल्ह्यात काकडी गावच्या माळावर १ ऑक्टोबर २०१७ पासून शिर्डीचा विमानतळ आहे हे खरे. पण माझा विमानविषयक अनुभव त्याच्या कुंपणापाशीच थांबतो. तरीही या पेचावर बोलण्याचा अधिकार नगरच्या माणसाला आहे, असे माझे नम्र मत आहे. कारण नवा वाहतूकदार करून पाहण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा प्रयोग आमच्या माळीवाड्यात झाला.

त्याआधीची स्थिती सांगतो. नगरला रेल्वे १८७८ सालीच आली. पण पुण्याला जायचे, तर ती आधी तुम्हाला दौंडचे दर्शन घडवते. सरळ जायचे तर रस्ताच. १९२०च्या सुमारास त्या काळच्या मुंबई इलाख्यातल्या रस्त्यांवर 'सर्व्हिस मोटारी' धावू लागल्या. धावू लागल्या म्हणजे, भरल्या की सुटू लागल्या. वेळापत्रक नव्हते, भाड्याचा दर नव्हता. मोटार 'भरली' कधी म्हणायचे, हे ठरवण्याचा अधिकार मालकाचा. आणि मालकाचा स्वभाव आशावादी असे. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने थोडी शिस्त आली. मालकांचे संघ झाले, मार्ग ठरले, वेळा ठरल्या. तेवढ्यात युद्ध आले, पेट्रोलचे रेशनिंग आले आणि मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लागली. त्या काळच्या प्रवाशाला तिकिटात बसायला जागा, हुंगायला धूर आणि चढावर ढकलण्याचा व्यायाम इतके सगळे मिळत असे.

या पार्श्वभूमीवर १ जून १९४८ रोजी मुंबई सरकारने स्वतःची गाडी रस्त्यावर आणली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. बेडफर्ड कंपनीची, लाकडी सांगाड्याची, काथ्याच्या आसनांची, रंगाने निळी आणि वरून चंदेरी. आजच्या लाल एस.टी.ची आजी निळी होती, हे ऐकून माझ्या मुलीला अजून खरे वाटत नाही. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. ही गाडी पुण्याहून आधी सुटली असे पुणेकर म्हणतात आणि नगरहून आधी सुटली असे नगरकर म्हणतात. हा वाद मिटवण्याची मला घाई नाही. गेलेली एस.टी. परत येतेच, या तत्त्वावर दोन्ही शहरांचा विश्वास आहे, तेवढे पुरे.

सांगतात, की वाटेतल्या गावांत लोकांनी गाडीला ओवाळले. आणि असेही सांगतात, की पुण्यात शिरताना तिला पोलीस बंदोबस्त द्यावा लागला. कारण जुन्या मोटारवाल्यांचा राग. त्या रागाचे मला नवल वाटत नाही. त्यांच्याही गाडीला गिऱ्हाईक बांधलेले असणार. चासच्या एखाद्या पाटलाला मालक नावाने हाक मारत असेल, सुप्याच्या व्यापाऱ्याचे पोते उधारीवर नेत असेल. आणि एक दिवस ही सगळी मंडळी ओळख विसरून निळ्या गाडीत जाऊन बसली! का, तर ती भरो न भरो, ठरल्या वेळेला सुटत होती आणि पाटलाला व पाटलाच्या गड्याला एकाच दराचे तिकीट फाडत होती. म्हणजे आज ज्या एस.टी.चे निष्ठावंत म्हणून आम्ही नगरकर मिरवतो, ती निष्ठा आमच्या आजोबांच्या फितुरीतून जन्माला आलेली आहे. इतिहासात असे पुष्कळदा घडते. प्रत्येक जुन्या निष्ठेच्या मुळाशी एक विसरलेली बेइमानी सापडते.

पुढे १९५० साली वाहतूक महामंडळांचा कायदा झाला. १९५३ साली तोच न्याय आकाशाला लागू झाला. आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली. वर एक कंपनी, खाली एक महामंडळ. पुढची तीन-चार दशके प्रवाशाला 'कुणाने जाऊ?' हा प्रश्न फारसा पडलाच नाही, 'कधी येईल?' एवढाच पडला. 'वाट पाहीन, पण एस.टी.नेच जाईन' हे वाक्य लोकांच्या तोंडी बसले. मला ते लहानपणी शपथेसारखे वाटायचे. आता हिशेबनीसाच्या नजरेने वाचतो तेव्हा त्यात दोन खाती दिसतात: निष्ठा आणि नाइलाज. बाहेरून दोन्हींची पासबुके सारखीच असतात. दुसरी गाडी आली की मगच कळते, की शिल्लक कुठल्या खात्यात होती.

आणि दुसरी गाडी आलीच. १९८०च्या दशकात खासगी आरामगाड्या आल्या, त्यांत व्हिडिओ आला. पुण्यापर्यंतच्या प्रवासात नायकाचे आईशी पुनर्मिलन होईल, इतका तो सिनेमा बेताने लावलेला असे. गावोगावी काळ्या-पिवळ्या जीपगाड्या आल्या. एस.टी.नेही हातपाय हलवले. १९८२ साली दिल्लीत एशियाड झाले. त्यासाठीच्या गाड्या नंतर एस.टी.कडे आल्या आणि निमआराम गाडीला महाराष्ट्राने 'एशियाड' हेच नाव देऊन टाकले. खेळ कुठले झाले, पदके कुणाला मिळाली हे लोक विसरले. पण 'एशियाड किती वाजता आहे हो?' हा प्रश्न नंतर कित्येक वर्षे खिडकीवर विचारला जात होता.

आकाशातला एकाधिकार १९९४ साली कायद्याने संपला आणि तिथे तर नव्या पाहुण्यांची पंगतच बसली. ईस्ट-वेस्ट आली, दमानिया आली, मोदीलुफ्त आली. आणि दशक संपायच्या आत तिघीही उठून गेल्या. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये खाली उतरली ती पुन्हा उडाली नाही. जेट एप्रिल २०१९ मध्ये थांबली. गंमत अशी, की जेटची मैल जमा करणारी कंपनी वेगळी होती. विमाने थांबल्यावर तिने त्याच वर्षी नाव बदलून दुकान चालू ठेवले. देऊळ पडले आणि दानपेटी तेवढी उभी राहिली! विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. ज्यांनी एकीशी एकनिष्ठ राहायचे ठरवले, त्यांना तीन-तीनदा सोयरीक करावी लागली. मेव्हण्याला मी एवढेच सांगतो, की बाबा, मैल साठव, पण म्हातारपणासाठी साठवू नकोस.

आता मी एस.टी.चा आंधळा भक्त नाही. घाई असली की दुसऱ्या गाडीने मीही जातो. मागे पुण्यात एक लग्न होते. स्वस्तिक चौकातल्या स्टँडबाहेर एका खासगी गाडीचा पोऱ्या ओरडत होता, "चला पुणे, एकच शीट, लगेच निघणार!" मी ती एकच शीट घेतली. त्यानंतर आणखी अकराजणांनीही ती एकच शीट घेतली. गाडी पेट्रोल पंपावर उभी राहिली, टपरीपाशी उभी राहिली, आणि मला १९२०चे दशक काचेच्या खिडकीतून बघायला मिळाले. भरली की सुटेल! शंभर वर्षांत फरक म्हणजे आता एसी चालू होता. मुहूर्त हुकला, जेवण सापडले. गाडी मात्र छान होती, हेही नोंदवतो. जमेची बाजू दडवणे आमच्या धंद्यात चालत नाही.

इतपत हा हसण्याचा विषय आहे. तो नुसता हसण्याचा राहिला नाही, तो ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस. राज्य शासनात विलीनीकरण करा, या मागणीसाठी एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. नगर-पुणे रस्त्यावर त्या काळातही माणसे जात-येत होती; कुणी मोटारीने, कुणी आरामगाडीने. आमच्या टेबलावरच्या कामात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो खेड्यांवरून येणाऱ्या खातेदारांत. दर महिन्याला पेन्शनसाठी येणाऱ्या एक आजी तीन महिने दिसल्याच नाहीत. आल्या तेव्हा म्हणाल्या, "साहेब, जीपवाला आमच्या वाडीला येत न्हाई. त्याला परवडत न्हाई म्हनं."

त्या वाक्याने माझ्या कॉमर्सच्या पदवीला पंचवीस वर्षांत दिले नाही एवढे काम दिले. क्षेत्रफळाने आमचा जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा. एका टोकाला अकोल्याची सह्याद्रीला टेकलेली गावे, दुसऱ्या टोकाला जामखेड. नगर-पुण्यासारखा भरून वाहणारा मार्ग कुणालाही हवा असतो. न परवडणाऱ्या वाडीला रात्री मुक्कामी गाडी पाठवायची, तिचा चालक-वाहक गाडीतच नाहीतर देवळात झोपणार, आणि पहाटे सात प्रवासी घेऊन ती परत यायची, हा उद्योग फक्त एस.टी. करते. भरल्या मार्गावर उरलेले चार पैसे त्या सात प्रवाशांच्या खाती वर्ग होतात. म्हणजे पुण्याचे तिकीट काढून मी जे 'निष्ठा' म्हणून भरतो, त्याचे मैल माझ्या नावावर जमा होतच नाहीत. ते त्या आजींच्या नावावर होतात.

आणखी एक ठेव बघा. शिकायला शहरात राहणाऱ्या मुलांना खेड्यातली आई सकाळच्या एस.टी.ने डबा पाठवते. चिठ्ठी नाही, पावती नाही; झाकणावर नाव, बस्स. इकडे मुलगा स्टँडवर उभा असतो. भाकरी गार झालेली असते, पण आलेली असते. सोन्याचे कार्ड असलेल्या प्रवाशाने विमानाच्या पायलटाकडे असा डबा देऊन बघावा!

पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा पास मोफत आहे. त्या योजनेला नाव अहिल्याबाई होळकरांचे. बाईंचा जन्म याच जिल्ह्यातला, जामखेड तालुक्यात चौंडीचा, १७२५ सालचा. आणि २०२४ मध्ये जिल्ह्यालाही त्यांचेच नाव मिळाले. पासाचे पैसे सरकार भरते हे खरे. पण पास चालायला आधी गाडी यावी लागते. अहिल्याबाईंनी घाट बांधले, विहिरी बांधल्या. फायदा कुठल्या वाटसरूला किती, याचे मैल मोजत बसल्याचे कुठे नमूद नाही.

एस.टी.ने अलीकडे आमच्या घरातही निष्ठा वाटायला सुरुवात केली आहे. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट, त्यामुळे वडील आधार कार्ड असे काढतात, की विमानातल्या सोन्याच्या कार्डवाल्याने लाजावे. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. कुटुंबात पूर्ण तिकिटाचा मानकरी मी एकटा उरलो आहे. तेव्हा एस.टी.चा कारभार माझ्यावरच चालतो, असे मी घरात अधूनमधून सांगतो.

संप मिटून दोन महिनेही झाले नव्हते. १ जून २०२२ रोजी एस.टी.ने विजेवर चालणारी पहिली 'शिवाई' गाडी सुरू केली. मार्ग कुठला? पुणे-अहमदनगर. चौऱ्याहत्तर वर्षांनी पुन्हा तोच रस्ता, पुन्हा एक नवी गाडी, आणि लोक पुन्हा तिच्याकडे डोळे बारीक करून बघताहेत. या वेळी पोलीस बंदोबस्त लागला नाही, ही प्रगतीच. मी तिच्यातून गेलो आहे. आवाज नाही, धूर नाही, खिडकीचा खडखडाट नाही. शेजारचे गृहस्थ सुप्यापर्यंत अस्वस्थ होते. शेवटी म्हणाले, "चालू हाय का बंद, समजंना."

चालू आहे. आणि तिकिटाच्या पैशातला एखादा रुपया अजूनही एखाद्या वाडीवर मुक्कामाला जातो, तोवर चालू राहावी.