कॅसेटच्या पोटातला सेल

वडोदऱ्याच्या नागरवाड्यात नव्वदच्या दशकात टीव्ही गेम खेळलेल्या पोरांना गेम सेव्ह करणं माहीतच नव्हतं. घरोघरी निन्टेंडोच्या फॅमिकॉम या गेम-यंत्राच्या धर्तीवरचे नकली संच, त्यावर मारिओ नाहीतर काँट्रा. जेवायला उठताना टीव्ही बंद करायचा, गेम चालूच ठेवायचा. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून! आज त्यांच्यातलेच हौशी लोक जुन्या अस्सल कॅसेट मिळवतात आणि विचारतात, गेम चालतो, मग सेव्ह का राहत नाही? याचं उत्तर सेव्हच्या कुळात सापडतं.

निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानात १९८३ साली आला. कॅसेटमधल्या रॉममध्ये गेम कायमचा भरलेला असे. खेळणाऱ्याची मजल टिपायला जागा नव्हती. १९८६च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने पासवर्डचा तोडगा काढला. वीस जपानी अक्षरं वहीत उतरवायची. एक चुकलं की मेहनत वाया. त्याच वर्षीचा ‘झेल्डा’ डिस्कवर सेव्ह व्हायचा. १९८७मध्ये अमेरिकेसाठी तो कॅसेटवर आणताना आत ८ किलोबाइटची रॅम आणि तिला सतत वीज पुरवणारा ३ व्होल्टचा बटण सेल बसवला. मोठी कल्पक युक्ती होती ती! बंद करताना रीसेट दाबून धरा, अशी सूचनाही दिली. कारण वीज उतरत असताना प्रोसेसर रॅममध्ये भलतंच लिहून जाऊ शकतो.

सीआर २०३२ जातीचे हे सेल कित्येकदा वीस-तीस वर्षं टिकले, पण आता संपत आलेत. कॅसेट उघडली की सेल पत्र्याच्या दोन पट्ट्यांवर बसवलेला दिसतो. मल्टिमीटरवर व्होल्टेज बरंच खाली दिसलं, तर पट्ट्यांसकट मिळणारा नवा सेल डाग देऊन बसवावा. थेट सेलला डाग देऊ नये. लिथियमचा सेल तापून फुटू शकतो.

१९९४च्या प्लेस्टेशनचं कूळ वेगळं. त्याच्या १२८ किलोबाइटच्या मेमरी कार्डात फ्लॅश मेमरी असते, सेल नसतो. तिथे आधी संपर्काच्या पट्ट्या पुसाव्यात आणि सेव्ह होत असताना कार्ड कधीच उपसू नये. कार्डातल्या सेव्हच्या यादीचा भाग बिघडला तर सेव्ह केलेले खेळ असूनही दिसत नाहीत. त्याच वर्षीच्या सेगा सॅटर्नमध्ये मात्र सेल खुद्द यंत्रातच, मागच्या झाकणाआड.

म्हणून आधी कूळ ओळखा, मग पेचकस उचला. आणि सेल काढण्याआधी सेव्ह केलेला खेळ कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. सेल नवा मिळतो. लहानपणी कुणी घरच्याने जिंकून ठेवलेला खेळ पुन्हा मिळत नाही.